खाडीवीरचे हसुदादा

सामना हरला की हसुदादा पेढे वाटायचे. जिंकला तर नाही. खेळाडू मान खाली घालून मैदानाबाहेर येऊ लागले की दादा पुडा सोडून वाटेत उभे राहत आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवत. नव्या खेळाडूला वाटायचं, म्हातारा टोमणा मारतोय. एकदा समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानं न राहवून विचारलं, की काका, जिंकलो आम्ही आणि पेढे तुम्ही कसे वाटताय. दादांनी त्यालाही एक दिला आणि म्हणाले, "जिंकल्याव कोनीबी तोंड गोड करतं. आज आमच्या पोरांचा तोंड कडू हाय."

आमचा संघ म्हणजे खाडीवीर हॉकी मंडळ, पनवेल. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, पण त्यात तुमचा दोष नाही. पनवेलमध्येही ते फारसं कुणी ऐकलेलं नाही. आम्ही लीगच्या खालच्या गटात खेळतो आणि त्या गटातही खालच्याच बाजूला असतो. मैदान कळंबोलीला, ट्रक उभे राहतात त्याच्या मागच्या अंगाला. चेंडू कुंपणाबाहेर गेला की कुठल्यातरी ट्रकखाली शिरतो आणि क्लीनर तो शोधून देईपर्यंत खेळ थांबतो. संघाच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चांगला मोठा आहे, पण त्यातले बरेचसे सकाळी फुलांची चित्रं पाठवण्यापुरते चाहते. मैदानावर येणारे आम्ही तिघंच होतो. हसुदादा, सलीमभाई आणि मी.

सलीमभाईंचं कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. हॉकी आपल्या खानदानात आहे, आजोबा मोठे खेळाडू होते, असं ते सांगतात. आजोबा कुठल्या जागी खेळायचे, ते मात्र दर मोसमात बदलतं. माझं तर खानदानात काहीच नाही. माझं पनवेलच्या बाजारात चष्म्याचं दुकान. हसुदादांनी माझ्याकडून चष्मा करून घेतला आणि आठवड्याभरानं तक्रार घेऊन आले. चष्म्यातून पेपर दिसतो, टीव्ही दिसतो, बायको दिसते, पण चेंडू दिसत नाही. कसला चेंडू, असं मी विचारलं आणि तिथंच फसलो. जिथं दिसत नाही तिथं येऊन नंबर तपासा, असं म्हणून त्यांनी मला गाडीत घालून थेट मैदानावर नेलं. धूळ इतकी होती की सामना संपेपर्यंत चेंडू मलाही दिसला नाही. तुमचा नंबर बरोबर आहे, असं मी त्यांना सांगितलं, पण तोवर आम्ही हरलो होतो आणि माझ्या हातावर पेढा पडला होता. पुढच्या रविवारी मी आपणहून गेलो. का गेलो, हे माझ्या बायकोला मला अजून समजावून सांगता आलेलं नाही.

दादा मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. ऐकायला बरं वाटायचं, म्हणूनच राहिलं.

ते मूळचे गव्हाणचे, हसुराम म्हात्रे. वडिलांचं मिठागर होतं. दादा तरुणपणी बंदरात नोकरीला लागले आणि तिथल्या संघात गोलकीपर झाले. पुढं नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली आणि लोक त्यांना शेठ म्हणायला लागले. कुणी शेठ अशी हाक मारली की दादा मागे वळून बघत, कोण आलं म्हणून.

मग एके दिवशी आमच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी बातमी टाकली, की खाडीवीरने येत्या मोसमासाठी एक तरुण फॉरवर्ड घेतला आहे. नाव कुशालप्पा, वय एकवीस, गाव कर्नाटकात कोडगूकडे, जिथं म्हणे घराघरात हॉकी खेळतात. सोबत लांबून काढलेला एक व्हिडिओ होता. कुठल्याशा विद्यापीठाच्या सामन्यात हा मुलगा डाव्या बाजूनं निघतो, तिघांना चुकवतो आणि गोल मारतो.

त्या दिवशी मी दुकानात काय केलं ते मला नीट आठवत नाही. एका गिऱ्हाइकाला मी दुसऱ्याचा चष्मा दिला आणि ते बिचारे तो घालून बसस्टँडपर्यंत गेले, एवढं आठवतं. तो व्हिडिओ मी जेवताना पाहिला, पूजेच्या वेळी पाहिला. सलीमभाईंचा फोन आला आणि त्यांनी हॅलोसुद्धा न म्हणता "कलाई देखी?" असं विचारलं. त्या मनगटावर आम्ही बराच वेळ बोललो. मग वरच्या गटात गेल्यावर मैदानाला प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधाव्या लागतील, यावर बोललो. मग सलीमभाईंना शंका आली, की असा खेळाडू आपल्याकडं टिकेल का, एखादा मोठा क्लब त्याला उचलणारच. ते मलाही पटलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं, अजून न आलेला मुलगा आपल्याला सोडून जाणार, या दुःखात बुडून गेलो. मी ग्रुपवर एक लांबलचक मजकूर लिहिला. त्यात निष्ठा हा शब्द बऱ्याचदा आला होता.

हसुदादांना मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो एकदाच पाहिला. कसा वाटला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चांगला हाय. पन यो पोऱ्या जेवनार कुठं?"

मंडळाच्या करारात जेवणाचा उल्लेख नव्हता. दादांनीच मग ठरवलं, की मुलगा गव्हाणला त्यांच्या इमारतीतल्या खोलीत राहील आणि जेवायला त्यांच्या घरी येईल. सलीमभाईंनी त्याला आपल्या ऑफिसात काम दिलं. मी त्याला काय देऊ शकतो याचा विचार केला आणि मोफत नेत्रतपासणी जाहीर केली. त्यावर ग्रुपमध्ये हसण्याची बरीच चित्रं आली.

मुलगा मंगळूरकडून येणाऱ्या गाडीनं सकाळी पनवेलला उतरणार होता. त्याला आणायला आम्ही हार, पेढे आणि एक ताशावाला घेऊन गेलो. गाडी लागली. डब्यातून एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण उतरला. पाठीला लांब पिशवी. व्हिडिओतला तोच, याबद्दल माझी खात्री होती. नजरेच्या बाबतीत पनवेलमध्ये माझ्यावर लोक विश्वास ठेवतात. मी खूण केली, ताशा वाजला, सलीमभाईंनी हार घातला. तरुणानं तो संकोचानं पण आनंदानं घेतला, सगळ्यांशी हात मिळवला आणि आमच्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, की हळद आजच आहे ना. तो फोटोग्राफर होता, उरणला एका लग्नाला आला होता, आणि पिशवीत कॅमेऱ्याचं स्टँड होतं.

आम्ही परत फलाटावर आलो, तेव्हा बाकाशेजारी एक किरकोळ अंगाचा मुलगा उभा होता. अंगात सैल शर्ट, हातात स्टिकची पिशवी, आणि डोळ्यांवर चष्मा. इतका वेळ तो आमची मिरवणूक पाहत होता. कुणी पुढारी आला असावा, असं त्याला वाटलं होतं. त्यानं हिंदीत विचारलं, की खाडीवीर हॉकीवाले आपणच का.

सलीमभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चष्मा आहे, यार." जणू तो मीच लावला होता. हार फोटोग्राफरच्या गळ्यात गेला होता आणि आम्हाला तो परत मागता आला नव्हता. आम्ही दोघं नुसते उभे राहिलो. दादांनी पुढं होऊन मुलाची पिशवी घेतली, त्याचं नाव नीट ऐकलं आणि कुशालप्पाचा तिथल्या तिथं खुशाल करून टाकला. गव्हाणला गेल्यावर तर तो खुशालच झाला. आपलं नाव कुठं गेलं, हे त्यानंही पुढं कधी विचारलं नाही.

मोसम सुरू झाला. खुशाल धावायचा छान. चेंडू त्याच्याकडं आला की ट्रकवालेसुद्धा उठून उभे राहत. तो एकाला चुकवायचा, दुसऱ्याला चुकवायचा, आणि मग गोलच्या तोंडाशी चेंडू कुंपणाबाहेर जायचा. पहिल्या सामन्यात आम्ही म्हणालो, प्रवासाचा शीण असेल. दुसऱ्यात म्हणालो, मातीच्या मैदानाची सवय नाही. पुढं कारणं संपली. सलीमभाईंना आता आपले आजोबा फॉरवर्ड होते असं आठवलं आणि अशा वेळी ते काय करत ते ऑफिसात खुशालला ऐकवू लागले. ज्या मनगटाचं आम्ही इतकं कौतुक केलं, ते मुळात चुकीचं वळतं, असं मी चहाच्या टपरीवर समजावून सांगू लागलो. हॉकीची स्टिक मी आयुष्यात हातात धरलेली नाही.

दादा यातलं काही बोलत नसत. ते आमच्या गोलच्या मागं उभे राहून आमच्या गोलकीपरशी बोलत राहत, आणि सामना संपला की पेढे. रविवारी घरी दादांच्या बायको, पार्वतीकाकी, खुशालला जिताडा वाढायच्या. कोडगूत भात आणि मासे दोन्ही असतात, तरी काकींना वाटायचं, पोर कधी नीट जेवलंच नाही. त्यांना हिंदी येत नव्हती आणि त्याला मराठी. तरी दोघं जेवणाच्या वेळी भरपूर बोलत.

एका सुटीच्या सकाळी दादांनी आम्हाला दोघांना घरी बोलावलं. येताना एक हार आणा, एवढंच सांगितलं. आम्ही गेलो, तर काकी डोळे पुसत डबा भरत होत्या. खोली झाडताना त्यांना खाटेखाली बांधून ठेवलेली बॅग दिसली होती. खुशाल काकींना, बेलापूरला मित्राकडं जातो, असं सांगून नुकताच बाहेर पडला होता. बॅग न्यायला तो मागच्या जिन्यानं आला, तेही काकींनी पाहिलं होतं. दुपारी मंगळूरकडं जाणारी गाडी होती.

सलीमभाई भडकले. करार झालाय, असं कसं जाता येईल, सेक्रेटरींना फोन लावा, म्हणाले. मी म्हटलं, त्याला समजावू, माझं तो ऐकेल. तो माझं का ऐकेल, हे मलाही ठाऊक नव्हतं.

दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला बोलू दिलं आणि मग स्वतःची एक हकिकत सांगितली, जी आम्ही इतक्या वर्षांत ऐकलेली नव्हती. ते तरुण असताना मुंबईच्या एका मोठ्या क्लबनं त्यांना गोलकीपर म्हणून नेलं होतं. गावाला केवढी अपूर्वाई. लाँचपर्यंत बेंजो वाजवत लोक पोचवायला आले. पण क्लबचा जुना गोलकीपर होता, तोच खेळत राहिला आणि दादा सगळा मोसम बाहेर बसून राहिले. एकही सामना नाही. मोसम संपला तेव्हा गावात शिरायची हिंमत होईना. नेहमीच्या वाटेनं गेलं तर माणसं विचारणार, किती खेळलास. म्हणून ते लांबून, मिठागरांच्या बांधांवरून, चिखल तुडवत, लपतछपत घरी आले.

"तवापासून मना वाटतं, मी त्या बांधावरच हाय," दादा म्हणाले. "गावान कवा शिरलोच नाय. कोनी मना काय बोलला नाय, डॉक्टर. पन मी चोरासारका आलतो ना, तो मनातनं जात नाय. खुशालला जायाचा तर जाऊंदे. पन असा नको. त्याला थांबवाया नाय बोलवला तुमाला. पोचवाया बोलवलाय."

सलीमभाईंनी फोन खिशात ठेवला.

खुशाल फलाटाच्या पार टोकाला, खांबाआड उभा होता. आम्हाला पाहिल्यावर त्याचं तोंड उतरलं. पकडायलाच आलेत, असं त्याला वाटलं असणार, आणि सलीमभाईंचा चेहरा पाहता कुणालाही तसंच वाटलं असतं. दादांनी हार सोडवला आणि त्याच्या गळ्यात घातला. काकींनी डबा हातात दिला. खुशालनं डबा छातीशी धरला. तो हिंदीत पुटपुटला, की दादा, मी तर एकही गोल केला नाही.

"मग? आमी तिघांनी तरी कवा केलाय?" दादा म्हणाले. "आमी हाव ना हितं ताठ उबे."

खुशालला शब्द कळले नसावेत, पण तो हसला आणि हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. आजूबाजूचे प्रवासी जमले. एकानं सलीमभाईंना विचारलं, की हा कोण. सकाळी जे करारावर बोट ठेवायला निघाले होते, तेच सलीमभाई छाती काढून म्हणाले, नॅशनल प्लेअर आहे. मग त्या माणसानं खुशालबरोबर फोटो काढून घेतला. त्याचं पाहून दुसऱ्यानं घेतला. गाडी आली तेव्हा खुशाल हार घालूनच डब्यात चढला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा होता. परतीच्या वाटेवर मी दादांना विचारलं, की आता फॉरवर्डचं काय करायचं. ते म्हणाले, धा जनांनी खेलू.

खरंच जवळपास तसंच खेळलो. खालच्या गटातून बाहेर फेकले गेलो नाही ते केवळ शेवटच्या सामन्याला समोरचा संघ आलाच नाही म्हणून. तो विजय आम्ही पूर्ण मानानं साजरा केला.

त्यानंतर दर रविवारी खुशालचा दादांना फोन यायचा. दादा त्यांच्या बोलीत बोलायचे, तो त्याच्या हिंदीत. मी एकदोनदा शेजारी बसून ऐकलं. तिकडं कॉफीला फुलं आली का, आईचा गुडघा कसा आहे, इकडं काकींनी जिताडा केलाय, असं सगळं. हॉकीचं अवाक्षर नाही. परत येतोस का, असं विचारा, म्हणून मी खाणाखुणा करायचो. दादा माझ्याकडं पाठ फिरवून बसायचे.

गणपती गेल्यावर थोड्याच दिवसांत दादा गेले. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, चहा मागितला, आणि काकी चहा घेऊन येईपर्यंत संपलं होतं. हॉस्पिटलला नेलं, पण त्यात काही अर्थ नव्हता. ग्रुपवर कळवायचं काम माझ्याकडं आलं. एरवी मी तिथं पानंच्या पानं लिहितो. त्या दिवशी मला एक ओळ लिहिता येईना, शेवटी सलीमभाईंनी लिहिलं.

पुढचं सांगायचं तर खुशाल त्यानंतरच्या मोसमात पुन्हा आमच्याकडून खेळला. त्यानं गोलही केले. पहिला झाला तेव्हा सलीमभाईंनी आनंदानं ज्याला मिठी मारली तो समोरच्या संघाचा मॅनेजर होता. आणि याच्यात काहीतरी आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, असं मी ट्रकवाल्यांना सांगत सुटलो. तेव्हा आमचं होतं ते तसंच आहे. पण मला सांगायचंय ते मोसमाच्या आधीचं.

दादांच्या दहाव्याला आम्ही गव्हाणच्या खाडीवर गेलो होतो. गाव लोटलं होतं. दादांची मुलं, पुतणे, भावकीतले पुरुष केस काढायला रांगेनं बसले होते आणि न्हावी एकेकाचे काढत पुढं सरकत होता. एवढ्यात वाटेवर रिक्षा थांबली आणि खुशाल उतरला. बरोबर त्याचे वडील होते, पांढऱ्या शर्टातले, खुशालसारखेच किरकोळ. गाडीतून उतरून दोघं थेट आले होते. वडील आमच्याजवळ येऊन उभे राहिले. खुशालनं चपला काढल्या, कुणाला काही न विचारता रांगेच्या शेवटी जाऊन बसला आणि चष्मा काढून मुठीत धरला.

न्हावी त्याच्यापर्यंत आला आणि थांबला. ह्याला कुणी ओळखत नव्हतं. लोकांत कुजबुज सुरू झाली. दादांचे थोरले भाऊ बाळारामबाबा काठी टेकत पुढं आले आणि त्यांनी विचारलं, "तू कोन र? हसुरामचा कोन लागतंस?"

मी पुढं होऊन सांगणार होतो. चांगलं मोठं भाषण तयार होतं माझ्याकडं. सलीमभाईंनी माझा हात धरला.

खुशालनं वर पाहिलं. चष्म्याशिवाय त्याला बाबा नीट दिसत नसणार. काकींच्या पानावर बसून शिकलेल्या मराठीत तो हळू म्हणाला, "मी फॉरवर्ड हाय."

बाळारामबाबांना हॉकीतलं काही कळत नव्हतं. फॉरवर्ड हे कुठलं नातं, याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मग न्हाव्याकडं वळून म्हणाले, "घरचा हाय. काढ केस."